परत ठेवायचे म्हणून उचललेले पैसे

बेळगावच्या गणपत गल्लीत दिवेलागणीला पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारा माणूस, दुकानामागून दुकान फिरू लागतो आणि कुणी पन्नास, कुणी पाचशे रुपये त्याच्या हाती ठेवतो. १९२८ साली उडुपीच्या ज्या बँकेने रोज दोन आणे दारात येऊन गोळा करण्याची ही पद्धत सुरू केली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. आज बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात ‘पिग्मी’ हा शब्द घराघरांत मुरलेला आहे. ही सारी व्यवस्था विश्वासावर चालते, आणि पांढरपेशा गुन्ह्याचे मूळही याच विश्वासात असते.

अशा गुन्ह्यांना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये नाव दिले. गुन्हा दारिद्र्यातूनच उपजतो हा समज खोडून काढताना, प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या आधारानेच गुन्हा करतो हे त्यांनी दाखवले. त्यांचे शिष्य डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीसाठी तुरुंगात असलेल्या कैद्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. त्यांना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या: चारचौघांत सांगता न येणारी पैशाची अडचण, ती गुपचूप सोडवता येईल अशी संधी, आणि ‘मी चोरी करत नाही, उसने घेतो आहे’ अशी मनाची समजूत. यांपैकी पहिली गोष्ट मला आपल्याकडे सर्वांत घातक वाटते. बेळगावातल्या शहापूर किंवा वडगावच्या गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात; त्यामुळे शेअर बाजारात बुडालेली किंवा मोबाइलवरच्या जुगारात गेलेली रक्कम घरी सांगण्यापेक्षा संस्थेच्या तिजोरीतून भागवणे माणसाला सोपे वाटते. लोकलाजेपायी माणूस मदत मागत नाही, आणि उचललेले पैसे पगार झाल्यावर परत ठेवू असे तो प्रामाणिकपणे ठरवतो.

ते परत ठेवणे कठीण का होते, याचा एक धागा मेंदूच्या अभ्यासात सापडतो. २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांनी काही लोकांना काचेच्या बरणीतल्या नाण्यांचा अंदाज जोडीदाराला सांगायला लावले. खोटे बोलण्यात स्वतःचा फायदा असेल तेव्हा त्यांचे खोटे हळूहळू वाढत गेले, आणि त्याच वेळी भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डाला या मेंदूच्या भागाचा प्रतिसाद मंदावत गेला. प्रयोगशाळेतल्या किरकोळ रकमांवरून संस्थेतल्या अफरातफरीचा थेट निष्कर्ष काढणे योग्य नाही, परंतु पहिल्या वेळी होणारी घालमेल पुढे कमी का होते, हे त्यावरून समजायला मदत होते.

दुसरा धागा साध्या हिशेबाचा आहे. समजा, एजंटाने सोमवारी एका किराणा दुकानदाराचे पाचशे रुपये खिशात घातले. मंगळवारी तो कापड दुकानदाराचे पाचशे रुपये किराणावाल्याच्या नावावर भरतो आणि बुधवारी तिसऱ्याचे पैसे कापडवाल्याच्या नावावर. लेखापरीक्षक याला लॅपिंग म्हणतात. आपल्या भाषेत ही याची टोपी त्याच्या डोक्यावर घालणे झाली. खड्डा पाचशेचाच राहतो, पण तो रोज नव्या नावाखाली लपवावा लागतो. त्यात आणखी उचल झाली की लपवायची नावे वाढतात आणि एक दिवसही चुकवून चालत नाही. म्हणूनच अशा माणसाला रजा घेता येत नाही. तो आजारपणातही कामावर येतो, आणि आपण त्याच्या निष्ठेचे कौतुक करतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये व्यापारी बँकांना संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी पूर्वसूचनेशिवाय, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवण्यास सांगितले, त्यामागे हेच कारण आहे: खुर्चीवर दुसरा माणूस बसला की साखळी तुटते. जमा झालेल्या रकमेचा संदेश खातेदाराच्या मोबाइलवर लगेच जाण्याची सोय असेल, तर ही साखळी सुरू होणेच अवघड होते.

एजंट, बँकर किंवा व्यापारी या नात्याने सोपवलेल्या पैशाचा अपहार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र शिक्षेने ठेवीदाराचे पैसे परत येत नाहीत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी सोसायट्यांच्या ठेवींना ते लागू नाही, आणि हा फरक पावतीवर सही करताना फार थोडे लोक विचारतात. वित्तसंस्थेने ठेवी बुडवल्यास २००४ च्या कर्नाटक कायद्याखाली मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. तोपर्यंत, मुलीच्या लग्नासाठी रोज पन्नास रुपये भरणाऱ्या भाजीवालीला व्याजाने पैसे काढून ते लग्न करावे लागते.