पार्श्वभूमी : क्यूआर कोडचा काळा नेमका कोणता?

दुकानातला बारकोड १९७४ चा. क्यूआर कोड १९९४ चा, जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढलेला. २००० साली तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. छपाईच्या प्लेटा फिल्मवरून बनायच्या त्या जमान्यात कोड कोणत्या काळ्यात छापायचा हा प्रश्नच नव्हता. दर शाईची प्लेट वेगळी असते. बारकोडची तयार फिल्म पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे पानाच्या फिल्ममध्ये, चिकटवली की ती एकाच प्लेटवर जायची.

घोळ सुरू झाला तो कोड इंटरनेटवर फुकट बनायला लागल्यावर. तिथून येणारी पीएनजी, म्हणजे चित्राची फाइल, आरजीबीत म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत असते. फोटोशॉपच्या अनेक वर्षं चालत आलेल्या सेटिंगवर ती सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळी (सायन), गुलाबी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी (के) या चार शायांत नेली, तर शुद्ध काळ्याचा त्याच क्रमाने ७५-६८-६७-९० टक्के होतो. चारही शाया मिळून ३०० टक्के. स्क्रीनवर फरक कळत नाही, आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) इंकजेटवर काढलं असेल तर तिथेही नाही.

प्रेसमध्ये ‘काळा’ या एका शब्दाखाली तीन काळे नांदतात. पहिला नुसता के, १०० टक्के. दुसरा रिच ब्लॅक, मोठ्या काळ्या पट्ट्याला भरीवपणा यावा म्हणून खाली इतर रंग दिलेला. तिसरा रजिस्ट्रेशन, कटमार्कसाठीचा (कागद कुठे कापायचा त्या खुणांसाठीचा), चारही प्लेटवर उतरणारा, म्हणजे ४०० टक्के. ‘हा जास्त गडद दिसतो’ म्हणून कोडला हा तिसरा काळा लावणारे महाभाग आहेत. खुद्द ‘के’चाही घोळ आहेच. अनेकांच्या मते ते ब्लॅकमधलं शेवटचं अक्षर. पण छपाईत ते ‘की’ प्लेटचं, म्हणजे जिच्याशी बाकीच्या प्लेटा जुळवायच्या त्या प्लेटचं, असं मानतात. बाकीच्या प्लेटा तिच्याशी जुळल्या नाहीत की कोडमधल्या काळ्या चौकटींच्या कडेला गुलाबी-निळी झालर दिसते आणि पांढऱ्या फटी बुजतात.

यावर ठरलेलं उत्तर असतं : ‘फोन करतो की स्कॅन! एच लेव्हल ठेवा, ३० टक्के खराब झाला तरी चालतो.’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एच म्हणजे कोड खराब झाला तरी वाचता यावा म्हणून त्यात ठेवलेल्या दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी. ती दुरुस्ती मळ आणि ओरखड्यांसाठी ठेवलेली. ती आधीच छपाईत खर्च केली तर पुढे काय उरणार? शिवाय ती फुकट मिळत नाही. ४० अक्षरांची लिंक एम या खालच्या लेव्हलला २९ बाय २९ घरांत (काळ्या-पांढऱ्या चौकोनांत) बसते, एचला ३७ बाय ३७ लागतात. कोड १५ मिलिमीटरचाच ठेवला तर एक घर ०.५२ वरून ०.४१ मिलिमीटरवर येतं. म्हणजे रजिस्टर (प्लेटांची जुळणी) हलण्याची भीती घालवायला निवडलेली लेव्हल त्याच हलण्याला जास्त नाजूक होते. त्यापेक्षा लिंक छोटी करावी, फाइल व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी आकारांच्या रूपात) मागावी, कोडला फक्त के द्यावा आणि भोवती चार घरांची पांढरी जागा सोडावी. डिझायनरला नेमकी ही पांढरी जागाच खुपते.

२०१६ नंतर यूपीआयमुळे कोड चहाच्या टपरीपर्यंत पोचला, मग पाठ्यपुस्तकांत आणि लग्नपत्रिकांवर आला. सिंगल कलर पुस्तकात मशीनवर प्लेटच एक, त्यामुळे तिथे झालर येत नाही. चार रंगांच्या पत्रिकेत येऊ शकते.

१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषधी ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात बॅच नंबर आणि मुदतीची तारीखही असते, आणि बॉक्स छापताना ती ठाऊक नसते. म्हणून असा कोड बॉक्स तयार झाल्यावर, पॅकिंगच्या वेळी उठवायची सोय करावी लागते, आणि तिथे शाई बहुधा एकच असते : काळी.