प्राझोसिन आणि विंचूदंश

प्राझोसिन हे रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध. १९७०च्या दशकात ते उच्च रक्तदाबासाठी वापरात आले. महाराष्ट्रात मात्र त्याने जीव वाचवले ते लाल विंचवाच्या दंशात, आणि हा उपयोग रूढ केला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी.

लाल विंचू कोकणात जांभ्या दगडांच्या फटींत, पेंढ्यात, लाकूडफाट्यात दडलेला असतो. त्याच्या विषामुळे मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडेच राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या, एरवी भीती-ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. आधी दरदरून घाम, उलट्या, लाळ. पुरुषांत व मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा. मग रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आकसलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

दंशाच्या जागी कितीही ठणका असला तरी एवढ्यावरून धोका ठरत नाही. घाम आणि गार पडलेले पाय ही खरी खूण. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून अशा पूर्वलक्षणांची नोंद केली. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिनच्या वापराचा अनुभव प्रसिद्ध झाला. ग्रामीण केंद्रातील, साधनांच्या टंचाईतले हे संशोधन भारतीय वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाचे आहे. पूर्वी गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ते १ टक्क्याच्या आसपास उतरले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील अल्फा-१ ग्राहींना, म्हणजे ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये जिथे चिकटून वाहिन्या आवळतात त्या जागांना, अडवते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. औषध तोंडाने देता येते आणि स्वस्त आहे, म्हणून तालुक्यापासून लांबच्या दवाखान्यातही चालते. मुलांना वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. पहिल्या मात्रेनंतर उठून बसल्यास रक्तदाब एकदम कोसळू शकतो. रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. नुसती वेदना असेल तर हे औषध लागत नाही, तिथे दंशाच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन पुरते. फुप्फुसांत पाणी भरल्यावर शिरेतून नायट्रोप्रुसाइड किंवा नायट्रोग्लिसरीन ही वाहिन्या सैलावणारी औषधे, रक्तदाब पडला तर हृदयाला जोर देणारे डोब्युटामीन.

ॲट्रोपीन देणे घातक, कारण आधीच धावणारे हृदय त्याने आणखी पळते. विंचूदंश हा जंतुसंसर्ग नसल्याने प्रतिजैविकांचा उपयोग नाही. स्टेरॉइड व ॲलर्जीविरोधी इंजेक्शनेही ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांच्या या लोंढ्याला आवरत नाहीत. ती देण्यात गेलेला वेळ मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि मंत्र-उताऱ्यात गेलेलाही.

विषावर थेट काम करणारे विंचूदंशाचे प्रतिविष भारतात तयार होते. प्राझोसिनसोबत ते दिल्यास रुग्ण केवळ प्राझोसिनपेक्षा लवकर सावरतात, असे बावस्कर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ मधील ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील चाचणीत दिसले.