हौदातलं पाणी हिरवं झालं की सगळं उपसून टाका, हे चुकीचंय

आपल्याकडं वर्षानुवर्षं सगळे हेच सांगायलेत, की बागेतल्या माशांच्या हौदाचं पाणी हिरवं झालं की पूर्ण उपसा, घासा, नवीन भरा. प्लीज असं करू नका. हिरवेपणा म्हणजे डोळ्याला न दिसणारं बारीक शेवाळ असतं, ते माशांच्या विष्ठेवर, उरलेल्या खाद्यावर आणि उन्हावर वाढतं, आणि तुम्ही घासून काढता ते भिंतीवरचे बॅक्टेरिया, जे विषारी अमोनिया पचवत असतात. म्हणजे शेवाळ चार दिवसात परत येतं पण मासे मात्र मरतात. त्यात नवीन भरलेल्या नळाच्या पाण्यात माशांना घातक क्लोरीन, आणि शेताजवळचं बोअर असेल तर खताचं नायट्रेट, ते तर शेवाळाचं आवडतं जेवण. शिवाय ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हौदच्या हौद ओतून देणं मनाला पटतच नाही.

खाद्य कमी करा, पाच मिनिटात संपेल तेवढंच. कमळाच्या पानांनी निम्मा हौद झाकू द्या. पाणी आठवड्याला फारतर दहावा हिस्सा बदला, निघालेलं झाडांना घाला.

पाणी हिरवं नसून मातकट असेल तर गोष्ट वेगळी, आपल्या काळ्या मातीचे कण ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलतात म्हणून खाली बसतच नाहीत. तुरटीनं बसतात, खरंय, पण तुरटीनं पाणी आम्लधर्मी होतं, म्हणून मासे असतील तर अंदाजानं टाकू नका.