‘माझा महाराष्ट्र’ प्रकल्पसंच: पालक आणि शिक्षकांसाठी माहितीपत्रक

तिसरी ते पाचवीच्या मुलांनी आपलं राज्य स्वतः शोधून, विचारून आणि लिहून ओळखावं यासाठी हा संच आहे. यात तयार प्रकल्प नाही, आणि चिकटवायची तयार चित्रंही मुद्दाम ठेवलेली नाहीत. ती कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. मूल ती कापतं, डकवतं आणि वही तपासून आली की विसरून जातं.

पेटी उघडल्यावर आधी मोजून घ्या: महाराष्ट्राची कोरी सीमारेषा छापलेला जाड कागद (५६ × ३८ सेंमी), जिल्ह्यांचे कापलेले ३५ तुकडे, चार रंगांची ६० कार्डं, एकरेघी ४८ पानी वही आणि प्रश्नांचं एक पान. जिल्हे ३६ आणि तुकडे ३५, म्हणून एक हरवला असं समजून परत येऊ नका. आपल्या नकाशात १ सेंमी म्हणजे २० किमी, म्हणजेच १ चौरस सेंमी म्हणजे ४०० चौरस किमी. सोलापूर जिल्हा त्यात साधारण ३७ चौरस सेंमीचा होतो, तर १५७ चौरस किमीचा मुंबई शहर जिल्हा अर्ध्या चौरस सेंमीहूनही लहान. असला तुकडा मुलाच्या बोटालाच चिकटून बसतो. म्हणून तो दिलेला नाही. तिथे टिंब काढून बाणाने नाव लिहायचं.

आधी प्रश्न

प्रकल्प बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, विषय ठरवताना. ‘सोलापूर’, ‘महाराष्ट्रातील नद्या’, ‘आपले किल्ले’ हे विषय आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातले नाहीत. इतकं मोठं काही हातात दिलं की ते मोबाइलवरून उतरवून काढण्याशिवाय त्याच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही.

त्याऐवजी एक प्रश्न ठरवा. ‘भीमा नदी कुठे उगम पावते?’ हा प्रश्न चालणार नाही. ‘भीमाशंकरला’ म्हटलं की संपला. ‘आपल्या नळाला येणारं पाणी कुठून निघतं?’ हा चालेल. यात सोलापूर शहरात असाल तर उजनी धरण येतं, टाकळीजवळची भीमा येते, हिप्परग्याचा तलाव येतो, आणि आपल्या भागात पाणी दर किती दिवसांनी येतं हे तर मुलाला घरातच कळतं. उजनीपासून उलटं वर जात भीमाशंकरच्या जंगलापर्यंत पोहोचलं की तिथे राज्यप्राणी शेकरू भेटतो. एका नळाला धरून मूल पुणे जिल्ह्यात जातं आणि खाली भीमेबरोबर कर्नाटकात कृष्णेपर्यंतही.

प्रश्न बरा आहे की नाही हे पाहायला आम्ही तीन गोष्टी बघतो. उत्तर एका ओळीत संपू नये. मुलाच्या आवाक्यातल्या तीन-चार ठिकाणी ते सापडावं. आणि त्यातला निदान एक भाग पुस्तकाबाहेर, म्हणजे एखाद्या माणसाकडे किंवा वस्तूत असावा.

उदाहरणार्थ चादर. ‘सोलापुरी चादर’ हा नुसता विषय झाला. ‘चादरीच्या दोन्ही बाजूंना नक्षी कशी दिसते?’ हा प्रश्न. घरातली चादर जमिनीवर पसरा, एक कोपरा उलटवा आणि मुलाला दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघू द्या. समोर जो रंग फुलाचा आहे तो मागे जमिनीचा झालेला दिसेल, आणि जमिनीचा फुलाचा. मग नक्षीच्या मधोमध दोन थर चिमटीत धरून वेगळे होतात का पाहायला सांगा. इथपर्यंत आलं की मूल आपणहून विचारतं की मागाला हे कळतं कसं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यांच्याबरोबर वरखाली होणारे ताण्याचे धागे, जेकार्ड (मागावरचं नक्षी उठवणारं यंत्र): हे मग एखाद्या कारखान्यात उभं राहून दहा मिनिटांत समजतं. चादरीला भौगोलिक मानांकन (अमुक ठिकाणचीच वस्तू म्हणून सरकारी नोंद) आहे ही माहिती त्यानंतर द्या. आधी दिली तर तेवढंच वाक्य वहीत उतरतं.

कार्डं कशी भरायची

पिवळं कार्ड वाचलेल्यासाठी, हिरवं विचारलेल्यासाठी, निळं स्वतः पाहिलेल्यासाठी. गुलाबी कार्डावर ‘अजून कळलं नाही’ असलेलं लिहायचं. एका कार्डावर एकच गोष्ट. खाली उजव्या कोपऱ्यात ती कुठून मिळाली ते: पुस्तकाचं नाव आणि पान, किंवा ‘आजोबा, रविवारी’.

पिवळ्या कार्डाचा नियम एकच, पण तो कडक पाळा. वाचायचं, पुस्तक मिटवायचं, मग लिहायचं. पुस्तक उघडं ठेवून भरलेलं कार्ड ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. ‘सोलापूर हे महाराष्ट्रातील एक प्रमुख शहर असून ते वस्त्रोद्योगासाठी सुप्रसिद्ध आहे’ असं चौथीतलं मूल बोलत नाही. ‘असून’, ‘तसेच’, ‘सुप्रसिद्ध’, ‘ओळखले जाते’ हे शब्द दिसले की समजा, कार्ड उतरवलेलं आहे. रागावू नका. ‘हे मला तोंडी सांग’ म्हणा आणि ते जे बोलेल तेच नव्या कार्डावर लिहू द्या. ‘सोलापुरात खूप गिरण्या होत्या. आता बंद आहेत. चिमणी अजून दिसते.’ ही तीन वाक्यं त्या एका वाक्यापेक्षा जास्त काही सांगतात.

गुलाबी कार्ड पालकांना नको वाटतं, आणि पहिल्या आठवड्यात बरीच घरं ते कोरंच ठेवतात. आमच्या मते संचातली सर्वांत कामाची कार्डं तीच. दुसऱ्या आठवड्यात पाच तरी भरलेली नसतील तर मूल शोधत नाही, गोळा करतं आहे.

आकडे आणि नावं: इथे चुका होतात

प्रत्येक आकड्याशेजारी साल लिहायची सवय लावा, कारण राज्य बदलत आलंय. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते. पुढे १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, २०१४ मध्ये पालघर असे १० वाढून ३६ झाले. घरातल्या जुन्या नकाशात ३५ असतील तर तो २०१४ च्या आधीचा आहे. नकाशा चुकीचा नाही, फक्त जुना आहे. मुलाने २६ पासून स्वतः बेरीज करून ३६ ला पोहोचावं. पाठ केलेला आकडा विसरतो, जुळवलेला सहसा विसरत नाही.

नावांचंही तसंच. आपल्या शेजारचा उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव, औरंगाबादचा छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचा अहिल्यानगर. जुन्या पुस्तकात जुनी नावं असणारच. कार्डावर नवं नाव लिहून कंसात जुनं लिहायला सांगा, नाहीतर पाचवीतलीही मुलं हे दोन वेगळे जिल्हे धरून नकाशात जागा शोधत बसतात.

लोकसंख्या लिहायची तर ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द सोडू नका: राज्य ११,२३,७४,३३३, सोलापूर जिल्हा ४३,१७,७५६. इंटरनेटवर दिसणारे त्यापुढचे मोठे आकडे अंदाज आहेत.

राज्याच्या मानचिन्हांत चूक होते ती चित्रात. शेकरू म्हणून मुलं अंगणातली पट्ट्यांची खार काढतात. शेकरू तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, तांबूस तपकिरी, पाठीवर पट्टे नसलेला. राज्यपक्षी हरियाल म्हणजे हिरवा पोपट नाही, ते हिरवट कबूतर आहे. ताम्हण आणि जारूल ही एकाच राज्यफुलाची दोन नावं, दोन फुलं नव्हेत. राज्य फुलपाखराला ब्लू मॉरमॉन आणि नीलवंत अशी दोन्ही नावं आहेत, तेही एकच.

सोलापूरच्या चार हुतात्म्यांबद्दल एक चूक वरचेवर दिसते. पुतळे सोलापुरात, म्हणून फाशीही सोलापुरातच झाली असं मुलं लिहितात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. मुलाला पुतळ्यांपाशी घेऊन जा, निळं कार्ड तिथेच भरू द्या आणि ‘कुठे?’ हा प्रश्न गुलाबी कार्डावर घालून घरी आणा.

कुठे शोधायचं

आधी मुलाचं स्वतःचं परिसर अभ्यासाचं पुस्तक. मग मराठी विश्वकोश, जो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण त्याची भाषा मोठ्यांची आहे, तेव्हा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि मुलाने ऐकून कार्ड भरावं. जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ तालुके आणि क्षेत्रफळासाठी ठीक. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी मुलाला घेऊन जायचं ते पुस्तकासाठी, आणि तितकंच पुस्तक मागायचं कसं हे शिकण्यासाठी.

हिरव्या कार्डांसाठी घरातली आणि गल्लीतली म्हातारी माणसं. ‘तुम्ही गिरणीत होता का?’ विचारलं की ‘होय’ येतं आणि गप्पा तिथेच थांबतात. ‘भोंगा वाजल्यावर घरात काय काय चालायचं?’ विचारलं की चहापासून डब्यापर्यंत सगळं निघतं. एका वेळी पाचच प्रश्न, वीस मिनिटं पुरेत. आजी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असेल तर कार्ड त्याच भाषेत, मराठी अक्षरांत भरू द्या आणि मराठी नंतर खाली लिहा. लगेच भाषांतर करायला लावलं की मूल ऐकायचं सोडून शब्द शोधत बसतं. उर्दूचंही तसंच. सोलापूरच्या घरांत ही अडचण नसून सोय आहे: मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या भाकरीला दोन घरांत दोन नावं मिळाली तर ते स्वतंत्र कार्ड होतं.

नकाशा

सोलापूरपासून सुरुवात करावीशी वाटेल, पण तसं करू नका. आतून बाहेर चिकटवत गेलं की प्रत्येक तुकडा केसभर सरकतो आणि गोंदिया सीमेबाहेर लटकतो. आधी चार टोकं बसवा: नंदुरबार, गोंदिया, गडचिरोली, सिंधुदुर्ग. मग बाहेरची कड, शेवटी मधले. सगळे तुकडे एकदा कोरडे मांडून बघा. सहा प्रशासकीय विभागांना सहा रंग आहेत. कोकण ७, पुणे ५, नाशिक ५, छत्रपती संभाजीनगर ८, अमरावती ५, नागपूर ६ अशी मोजणी जुळली की मगच चिकटवा. मुंबई शहराचं टिंब कोकणात धरायचं.

खळ किंवा पातळ गोंद लावला तर कागद फुगतो आणि वाळल्यावर कडा वर येतात. कांडीचा गोंद वापरा, तोही तुकड्याच्या कडेने.

पट्टीने मोजलेलं अंतर आणि रस्त्याचं अंतर जुळत नाही, हे मुलाला स्वतःलाच सापडू द्या. सोलापूर ते पुणे नकाशात पावणेबारा-बारा सेंमी भरतं, म्हणजे २३५ ते २४० किमी. गाडीने जाताना सुमारे २५० होतात. हा फरक का पडतो, हे एक छान गुलाबी कार्ड आहे.

लिहिणं

चौथ्या आठवड्यापर्यंत चाळीसेक कार्डं जमतात. ती जमिनीवर मांडा, मुलाला ढीग करू द्या आणि एक तृतीयांश बाजूला काढायला लावा. मुलं याला तयार नसतात, कारण मेहनतीने भरलेली असतात. फाडू नका, पाकिटात ठेवा. पण सगळी कार्डं लेखात कोंबली की लेखाची यादी होते.

तिसरीला आठ-दहा वाक्यं, चौथीला तीन परिच्छेद, पाचवीला दोन पानं पुरतात. पहिला खर्डा एक ओळ सोडून, पेन्सिलीने. पहिलं वाक्य अडलं तर दुसऱ्यापासून सुरू करा. ‘महाराष्ट्र हे भारतातील एक राज्य आहे’ ही ओळ खोडायला हरकत नाही. ती कोणत्याही लेखाला चालते. खर्डा मुलाने मोठ्याने वाचावा. जिथे अडखळेल तिथे त्यानेच गोल करावा. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि लाल पेन तुमच्या हातात नको. तुम्ही दुरुस्त केलेलं वाक्य तुमचं होतं, आणि शाळेत बाईंना ते पहिल्या नजरेत कळतं.

वेळ: आठवड्यातून दोनदा पाऊण तास, असे सहा आठवडे. प्रकल्प सोमवारी द्यायचा आणि संच शनिवारी संध्याकाळी घेतला, असं होत असेल तर हा संच घेऊ नका. नुसता नकाशा सुटा मिळतो, तो न्या.

वर्गासाठी घेणाऱ्या शिक्षकांनी चार मुलांत एक संच धरावा आणि प्रत्येक मुलाला १५ कार्डं द्यावीत. नकाशाचा कागद घडी घालून दप्तरात जात नाही. गुंडाळी करून रबर लावा, रबर फार घट्ट नको. कार्डं संपली तर एकाच रंगाचा गठ्ठाही देतो. हिरवी आणि गुलाबी आधी संपली तर काम नीट चाललं आहे. पिवळी आधी संपली तर मुलाला पुस्तक मिटवायला सांगा.