हसायला मनाई, विनोद चालू आहे

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशा दुपारी तिथल्या एखाद्या जुन्या वाड्यात विनोदी मालिकेचं शूटिंग लागलं, तर टेक सुरू होण्याआधी पहिला बळी कूलरचा. त्याची घरघर आपल्या कानाला थोड्या वेळात सवयीची होते, मायक्रोफोनला होत नाही. शिवाय एकच संवाद समोरून, बाजूने, जवळून असा निरनिराळ्या वेळी टिपतात. ते तुकडे जोडले की प्रत्येक जोडावर घरघर कमीजास्त होते आणि आवाज उडी मारतो. म्हणून ध्वनिमुद्रक सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करून खोलीची नुसती शांतताही अर्धा मिनिट टिपून ठेवतो. रिकाम्या खोलीलाही आपला आवाज असतो. संवादांमधल्या फटी त्यानेच बुजवतात.

दुसरी बंदी हसण्यावर. संवादावर कुणाचं खिदळणं चढलं, की ते वेगळं काढणं महाकठीण. अहिराणीतला खवचट टोमणा ऐकून तोंडात रुमाल कोंबून उभं राहायचं, ही शिक्षाच म्हणायची! नटाची पंचाईत तर आणखी मोठी. वहीगायनासारख्या खानदेशी लोककलेत किंवा तमाशात समोर माणसं असतात. हशा ओसरू लागला की सोंगाड्या पुढचं वाक्य टाकतो. कॅमेऱ्यापुढे हा थांबा अंदाजाने घ्यावा लागतो.

हसू दाबणं इतकं अवघड का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हसण्याची मोजमापं घेतली. ‘हा-हा’मधला प्रत्येक ‘हा’ सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागाएवढा, आणि दर पाचव्या भागाला एक. गंमत पुढेच आहे. बाजारात, रस्त्यावर लोक कशाला हसतात हे त्यांनी टिपलं, तर विनोदासारखं काही कानावर पडल्यामुळे हसणारे २० टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीचे अगदी साध्यासुध्या वाक्यांना हसत होते. एकट्यापेक्षा चारचौघांत आपण सुमारे ३० पट जास्त हसतो, असंही त्यांना आढळलं. म्हणजे हसण्याला विनोदापेक्षा सोबत जास्त लागते, आणि घरात एकट्याने टीव्ही पाहणाऱ्याकडे नेमकी तीच नसते.

ही सोबत डबाबंद करून देण्याचा उद्योग केला चार्ल्स डग्लस या ध्वनी अभियंत्याने. १९५०च्या दशकात त्याने टाइपरायटरसारख्या कळांचं एक यंत्र बनवलं. कळ दाबली की टेपवरचं हसू वाजायचं: कुठे मंद खुसखूस, कुठे सातमजली हास्य. यंत्राला तो कुलूप लावून ठेवी.

मला स्वतःला हे उसनं हसू डोक्यात जातं. पण प्रयोगाचा निकाल माझ्या विरोधात आहे. लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ४० पाचकळ विनोद लोकांना ऐकवले. मागे हसू जोडल्यावर तेच विनोद जास्त विनोदी वाटले. आणि हसू ओढूनताणून आणलेलं नसून खरं असेल, तर आणखीच.

तरी अपवाद आहेच. कोरिया युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेत वाहिनीने हसू घालायला लावलं, तेव्हा शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत ते नको, हे निर्मात्यांनी मान्य करून घेतलं. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती मालिका हसू वगळूनच दाखवली, आणि लोकांनी ती आवडीने पाहिली.