मोजायची असते ती फट

इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, घासून आणला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, आणि क्रँक गाडीच्या डिकीत तासभर भाजून निघालेला. ऑटोमोटिव्ह चौकाजवळच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी त्याला नुसता हात लावला. "आत्ता मोजून काई फायदा नाई, भाऊ. रातभर राहू द्या."

मला ती टाळाटाळ वाटली. घरी आकडेमोड केल्यावर पटलं. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. ५० मिमीचं जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर माप ०.०११ मिमीने जास्त दिसणार. एवढ्याशाने काय होतं? पण जर्नल आणि बेअरिंग यांच्यात ठेवायची फटच मुळी ०.०५ मिमीच्या आसपास असते. व्यासाचा हजारावा भाग, हा जुना ढोबळ हिशेब. त्यातला पाचवा हिस्सा उन्हानेच खाल्ला.

हे बेअरिंग सायकलच्या छर्‍यांसारखं नसतं. दोन अर्ध्या बांगड्या, म्हणजे शेल. पाठ पोलादाची, आत तांबं-शिसं किंवा अॅल्युमिनियम-कथील यांचा मऊ थर. मऊ मुद्दामच: बारीक कचरा त्यात रुतून बसावा, क्रँकवर ओरखडा उठू नये. बैलगाडीच्या आसाला वंगण लावतात तसंच हे, असं वाटतं. पण इथे तेल क्रँकला चक्क उचलून धरतं. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्यूचॅम्प टॉवर यांनी प्रयोगातल्या बेअरिंगला वरून तेल सोडायला भोक पाडलं, तर तेल उलटं त्यातूनच वर येऊ लागलं. बूच ठोकलं, तेही वर ढकललं गेलं. फिरणारा दांडा स्वतःच तेल पाचरीसारख्या जागेत ओढतो आणि दाब तयार करतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं.

फट फार कमी असेल तर तेलाचा थर तुटतो आणि इंजिन जाम होतं. जास्त असेल तर? तेल कडेने निसटतं, आणि ते फटीच्या घनाच्या प्रमाणात. फट दुप्पट झाली की गळती आठपट. मग ऑइल प्रेशर पडतं, खालून ठकठक सुरू होते.

शेल निवडताना हमखास घोळ होतो तो पाठीवरच्या आकड्याचा. ०.२५ म्हणजे शेल तेवढा जाड नव्हे, क्रँकचा व्यास तेवढा घासलेला. प्रत्येक शेल जाड होतो त्याच्या निम्म्यानेच, ०.१२५ ने. जाडी मोजायची ती मधोमध. टोकांकडे तो मुद्दाम पातळ केलेला असतो.

सकाळी सातला गेलो. क्रँक, ब्लॉक, मायक्रोमीटर, सगळं रात्रभर एकाच खोलीत पडलेलं. क्रँकला तेल चोपडलेलं, कारण कूलरची ओली हवा ताज्या घासलेल्या पोलादावर एका रात्रीत गंज आणते. मिस्त्रींनी तेल पुसलं, एका जर्नलवर प्लास्टीगेजचा, म्हणजे चेपून फट मोजायच्या मऊ प्लास्टिकचा, बारीक धागा ठेवला, टॉर्क पान्याने बेअरिंगवरची कॅप ठरावीक जोराने आवळली आणि मला दटावलं, "क्रँक हालवू नका." कॅप काढली, चेपलेल्या धाग्याची रुंदी कागदी पट्टीशी लावली: ०.०५१. झकास.

मग मायक्रोमीटर. प्रत्येक जर्नल दोन्ही टोकांना, आडवं आणि उभं. पिस्टनचे कनेक्टिंग रॉड ज्यांवर बसतात त्या चार जर्नलांपैकी तीन बरोबर निघाली. चौथ्याच्या दोन टोकांत ०.०२ चा फरक. टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतं.

म्हणजे पुन्हा घासणं, आणि आता थेट ०.५० पर्यंत. मी आदल्या दिवशी हौसेने घेऊन ठेवलेल्या ०.२५ च्या शेलांची पेटी मिस्त्रींनी न बोलता माझ्याकडे सरकवली. क्रँक परत डिकीत गेला, या वेळी गोणपाटात गुंडाळून.