नाकापुढचा मासा

हातातला मोबाइल हळूहळू डोळ्याजवळ आणून पाहा. वीतभर अंतरापर्यंत अक्षरं वाचता येतात, मग ती पसरायला लागतात, आणि तीन-चार बोटांवर आला की नुसता उजेड उरतो. डोक्यावर चढवायच्या व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणाऱ्या, हेडसेटमध्ये पडदा इतकाच जवळ असतो, तरी चित्र स्वच्छ दिसतं. ही करामत मधल्या भिंगाची. जत्रेतल्या बायस्कोपच्या पेटीला असायचं तसं फुगीर भिंग प्रत्येक डोळ्यापुढे बसवलेलं असतं. पडद्यावरून फाकत निघालेले किरण ते जवळजवळ समांतर करतं आणि डोळ्याला वाटतं, हा उजेड मीटर-दोन मीटरवरून येतोय.

मी पहिल्यांदा हेडसेट घातला तेव्हा सगळंच धूसर होतं. "काका, बाजूचं चाक फिरवा," दाखवणारा मुलगा म्हणाला. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण माणसागणिक ते बदलतं. भिंगं त्या मापाला आणली, आणि समोर समुद्राचा तळ उघडला. प्रवाळ, वर हलणारा उजेड, माझ्याभोवती फिरणारे मासे. मान वळवली की समुद्रही वळत होता. हे चित्र मानेमागोमाग अगदी तत्काळ यावं लागतं. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून जास्त उशीर झाला, तर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा एक सांगते, डोळे दुसरंच सांगतात, आणि घाटात एसटी लागावी तसं मळमळायला लागतं.

मला मळमळलं नाही. पण एक मासा थेट नाकापर्यंत आला आणि भुवयांमध्ये ठणका लागला.

जवळची वस्तू बघताना डोळे एकाच वेळी दोन कामं करतात. दोन्ही बुबुळं आत वळतात, आणि डोळ्यातलं भिंग फुगून नजर जवळ आणतं. जन्मापासून ही जोडी बरोबरच चालत आली आहे. हेडसेट दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवून खोली निर्माण करतो. ही युक्ती चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ साली आरसे वापरून सिद्ध केली होती. त्यामुळे माशासाठी बुबुळं पुरती आत वळली. उजेड मात्र अजूनही त्या ठरावीक अंतरावरूनच येत होता, म्हणून डोळ्यातल्या भिंगाला फुगून चालणार नव्हतं. आयुष्यभराची जोडी तिथे फुटली. ठणका त्या ओढाताणीचा होता.

आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली हार्वर्डमध्ये डोक्यावरचा संगणकी पडदा दाखवला, तेव्हा डोक्याची हालचाल टिपणारा त्याचा दांडा छताला जोडलेला होता आणि दिसायच्या फक्त उजेडाच्या रेघा. तिथून प्रगती अफाट झाली. निरोगी डोळा एका अंशात सुमारे ६० ठिपके वेगळे ओळखतो. २०१३ च्या ऑक्युलस रिफ्टच्या पहिल्या संचात अंशाला जेमतेम सात ठिपके मिळत, म्हणून सगळं मच्छरदाणीआडून पाहिल्यासारखं दिसे. २०२४ च्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २.३ कोटी पिक्सेल आहेत. पण ठिपके कितीही बारीक केले तरी उजेड येण्याचं अंतर बदलत नाही, आणि माझ्या मते खरा पेच इथेच आहे.

यावरचा मला सर्वांत आवडलेला तोडगा फेसबुकच्या प्रयोगशाळेतला. 'हाफ डोम' नावाच्या त्यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये पडदाच यंत्राने मागे-पुढे सरकायचा. २०१९ साली दाखवलेल्या तिसऱ्या नमुन्यात काहीच सरकत नव्हतं. द्रव-स्फटिकांची सहा पातळ भिंगं एकामागे एक रचलेली, प्रत्येकाच्या विजेवर बदलणाऱ्या दोन अवस्था. दोनाचा सहावा घात ६४, म्हणजे उजेडाला ६४ वेगवेगळी अंतरं! नजर कुठे वळली ते ओळखून यंत्राने त्यातलं योग्य अंतर निवडायचं.

मी घातलेल्या हेडसेटमध्ये यातलं काही नव्हतं. दुसऱ्या फेरीत मासा पुन्हा नाकाशी यायला लागला, तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. तो हातभर दूर गेला, आणि मग त्याचे खवलेसुद्धा निवांत बघता आले.